पंखे बंद, दार उघडं

(दृश्य : ठाण्याचा गोखले रोड, एप्रिलमधला रविवार, संध्याकाळचे साडेसहा)

रविवारी संध्याकाळी गोखले रोडवर चालायचं म्हणजे धक्के खातच. त्या गर्दीतून एका गल्लीत वळलं, की हे मोफत मैफिलींचं चर्च. नाव सांगत नाही. सांगितलं तर पुढच्या वेळी आम्हालाच जागा मिळायची नाही.

दाराशी तिकीट नाही, पास नाही. पहिल्यांदा आलेले एवढंच विचारतात, "चपला काढायच्या का?"
"राहू द्या हो, या आत," दाराजवळच्या आजी म्हणतात.

(दृश्य : भिंतीवरचा स्विचबोर्ड, एकेक बटण बंद)

मोबाइल बंद. आणि पंखेही बंद. एप्रिलमध्ये, ठाण्यात! पण इथं माइक नाही. उंच छत आणि जाड भिंतींमुळे सूर क्षणभर रेंगाळतो, आणि पंख्याची घरघर असली की सगळ्यात हळू गायलेला सूर आधी बुडतो.

आज युरोपातला संगीतकार मोझार्ट याचं 'आवे वेरुम कॉर्पुस' हे लॅटिन स्तोत्र. १७९१ च्या जूनमध्ये लिहिलेलं, जेमतेम तीन-चार मिनिटांचं. त्याच डिसेंबरात मोझार्ट गेला. गाणारे कुणी बँकेतले, कुणी क्लास घेणारे. सोप्रानो (बायकांचा उंच आवाज) भरपूर, आल्टो (बायकांचा खालचा) पुरेशा, बास (पुरुषांचा खालचा) तीन. टेनर, म्हणजे पुरुषांचा उंच आवाज, दोनच. टेनर कुठल्याही क्वायरला, म्हणजे गायकवृंदाला, कमीच पडतात.

(दृश्य : पियानोच्या पट्ट्या, जवळून)

चर्चमधल्या मोफत मैफिलींची रीत जुनी आहे. जर्मनीतल्या ल्युबेकमध्ये सतराव्या शतकात ऑर्गनवादक बुक्स्टहुडे अशा मैफिली करायचे. दार सगळ्यांना उघडं, खर्च गावच्या व्यापाऱ्यांचा. १७०५ मध्ये वीस वर्षांचा बाख, पुढे मोठा संगीतकार झालेला, त्यांना ऐकायला सुमारे चारशे किलोमीटर पायी गेला. आळंदी ते पंढरपूरपेक्षा लांबची वाट! रजा चार आठवड्यांची घेतली होती, परतला चारेक महिन्यांनी. रजा वाढवण्याच्या बाबतीत बाख अगदी आपल्यातला.

इथं व्यापारी नाहीत. दाराशी लाकडी पेटी आहे, वाटलं तर टाकावं. त्यातनं चहा-बिस्किटं निघतात, आणि पियानो सुरात लावून घ्यायचे पैसे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पियानो बेसूर होतो. तो खर्च दरवर्षी ठरलेला.

(दृश्य : पियानो मागे सरकतो, सतरंजी अंथरली जाते)

आता पेटी (हार्मोनियम) आणि तबला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा अभंग. टिळकांनी ख्रिस्ती भक्ती ओवी-अभंगात आणली, कीर्तनंही केली. पेटी मूळची युरोपातली, पण इथं बसलेल्या कुणालाही ती परकी वाटत नाही. दुसऱ्या अंतऱ्याला गायिका वरच्या षड्जावर थांबते आणि तिसऱ्या बाकावरून "वा!" निसटतो. मोझार्ट ऐकताना हेच काका हाताची घडी घालून, श्वास रोखून बसले होते. आता मांडीवर ठेका धरलाय.

(दृश्य : पुन्हा स्विचबोर्ड)

शेवटचा सूर विरतो. टाळ्या. मग कुणीतरी न राहवून सगळी बटणं एकदम दाबतं. स्वरलिपीचे कागद भिरभिरत वेदीपर्यंत जातात, आणि दोन्ही टेनर त्यांच्यामागे पळतात.