कॉपियर टेक्निशियनने कंपनीच्या ट्रेनिंगमधून काय आणावं

कंपनीच्या ट्रेनिंगला पहिल्यांदाच निघालायत, म्हणून थोडं बोलतो. तिथे टेबलावर नवंकोरं मशीन असतं, कव्हरं कशी काढायची, सर्व्हिस मोडमध्ये कसं जायचं, कुठल्या एरर कोडला कुठला पार्ट बघायचा हे सगळं नीट शिकवतात आणि मग ट्रेनर मुद्दाम एखादा कनेक्टर काढून ठेवतो आणि म्हणतो, शोधा. हे शिकायलाच हवं. पण साइटवर कनेक्टर कुणी काढून ठेवत नाही हो, तिथे कागद दमट असतो, कागद उचलणारा पिकअप रोलर गुळगुळीत झालेला असतो, आणि कॉपी खराब येत असूनही बऱ्याचदा कोड येतच नाही, कारण मशीनच्या मते सगळं ठीक चाललेलं असतं.

म्हणून कॉपी बनते कशी ते डोक्यात पक्कं हवं. 22 ऑक्टोबर 1938 ला न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन आणि त्यांचे सहाय्यक ओटो कॉर्नाय यांनी पहिली कॉपी काढली. गंधकाचा थर दिलेली जस्ताची पट्टी रुमालाने घासून चार्ज केली, अक्षरं लिहिलेली काच वर ठेवून दिवा लावला, पावडर भुरभुरवली, ती मेणकागदावर उचलली आणि गरम करून पक्की केली. आता बघा, जस्ताच्या पट्टीच्या जागी ड्रम, रुमालाच्या जागी चार्ज रोलर, दिव्याच्या जागी लेझर, पावडरचं टोनर झालं, ते ड्रमवर चढवतो तो डेव्हलपर, ड्रमवरून कागदावर उचलणं म्हणजे ट्रान्सफर आणि शेवटची उष्णता म्हणजे आपला फ्यूजर. क्रम तोच आहे! मॉडेल कुठलंही येऊ दे, हा क्रम माहीत असेल तर तुम्ही अडत नाही.

समजा कॉपी फिकी येतेय. कागद फ्यूजरपर्यंत पोचायच्या आत दार उघडून मशीन थांबवा आणि ड्रम बघा. ट्रान्सफरच्या आधीच्या भागात इमेज गडद असेल आणि कागदावर फिकी, तर गडबड ट्रान्सफरमध्ये. ड्रमवरच फिकी असेल तर मागे जा, डेव्हलपर, चार्ज, लेझर. (ड्रम फार वेळ उजेडात ठेवू नका, झाका.) पूर्ण बाहेर आलेल्या कॉपीवर बोट फिरवल्यावर टोनर पुसला जात असेल तर फ्यूजर बघा. आणि डाग ठरावीक अंतराने परत परत येत असेल तर पट्टीने मोजा, 30 मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा परीघ साधारण 94 मिलिमीटर, तेवढंच अंतर असेल तर डाग ड्रमचा.

सुरुवातीला एका ऑफिसात मी उभ्या काळ्या रेषेसाठी ड्रम बदलला, रेष तशीच! काचेवर कागद ठेवून कॉपी काढली तर स्वच्छ, फक्त वरच्या फीडरमधून, म्हणजे कागद आपोआप ओढून घेणाऱ्या भागातून, कॉपी काढली की रेष येत होती. फीडरखालच्या अरुंद काचेवर करेक्शन फ्लुइडचा ठिपका होता, एवढंच. दोन्हीकडून कॉपी काढून बघ, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्या माणसांचा अख्खा दिवस गेला याचं मला अजून वाईट वाटतं.

झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातल्या ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने टेक्निशियन लोकांबरोबर फिरून हेच पाहिलं, अवघड बिघाड ही मंडळी एकमेकांना किस्से सांगत सोडवतात, नुसत्या मॅन्युअलवर नाही. म्हणून ट्रेनिंगमध्ये जेवणाच्या सुट्टीत मोबाइल काढू नका. शेजारी बसलेल्या जुन्या माणसाला विचारा, गेल्या महिन्यात तुम्हाला कुठल्या मशीनने सगळ्यात जास्त छळलं, आणि तो बोलायला लागला की वही काढा.