आधी घर्षण, मग स्प्रिंग, तेल सर्वांत शेवटी

मित्रहो, ॲडव्हेंचर मोटारसायकलचे पुढचे सस्पेन्शन कसे सुधारावे आणि हॅण्डल हातात बोलके कसे व्हावे, हा आजचा विषय आहे. सॅग (म्हणजे चालक बसल्यावर शॉकअप किती दबते ते माप), स्प्रिंग आणि तेल या तिन्हींची मांडणी करण्याचे मी कबूल केले आहे, आणि ती मी करणारच आहे; पण त्याआधी एक सल बोलून दाखवणे मला भाग आहे. पुढच्या शॉकअपची कोणतीही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये जा. ब्रेक लावला की नाक खाली जाते, खड्ड्यात मनगटाला दणका बसतो, घाटात गाडी रेषा धरत नाही. या तिन्हींची कारणे वेगवेगळी असली तरी उत्तर बहुधा एकच मिळते, ते म्हणजे ‘जाड ऑइल टाकू’.

सिंहगड रस्त्याला राहणाऱ्या एका तरुणाची रॉयल एनफील्ड हिमालयन माझ्याकडे आली, तेव्हा तिच्यात असेच आधी जाड आणि मग त्याहून जाड तेल भरून झाले होते. २०१६ साली आलेल्या या पहिल्या हिमालयनचे पुढचे शॉकअप आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे: ४१ मिलिमीटरच्या नळ्या, २०० मिलिमीटर ट्रॅव्हल (शॉकअप दबण्याची एकूण मजल), खाली २१ इंची चाक, आणि बाहेरून फिरवता येईल असा एकही स्क्रू नाही. ताम्हिणी उतरताना गाडी पोहल्यासारखी वाटते आणि स्वारगेटच्या गर्दीत सावकाश चालवताना ती नागमोडी जाते, अशी त्याची तक्रार होती. महागडे कार्ट्रिज किट, म्हणजे शॉकअपच्या आत बसवायचा सुधारित संच, घेण्यासाठी त्याने पैसेही बाजूला काढून ठेवले होते.

मी गाडीच्या पोटाखाली टेकू लावून पुढचे चाक जमिनीपासून उचलले आणि हॅण्डल मध्यावरून किंचित एका बाजूला ढकलले. ते तसेच थांबले. निरोगी गाडीत ते स्वतःच्या वजनाने कडेपर्यंत पडायला हवे. कोनसेट, म्हणजे स्टिअरिंगच्या नळीतील बेअरिंगे, कोणीतरी गरजेपेक्षा फार आवळली होती. धावणारी मोटारसायकल सरळ राहते ती हॅण्डल स्थिर असते म्हणून राहत नाही. ट्रेलमुळे, म्हणजे हॅण्डलच्या फिरण्याचा अक्ष जमिनीला जिथे भिडतो त्याच्या थोडे मागे चाक टेकत असल्यामुळे, पुढचे चाक क्षणोक्षणी बारीक बारीक दुरुस्त्या आपणहून करत असते म्हणून ती सरळ राहते. बेअरिंगातील घर्षण या दुरुस्त्यांहून मोठे झाले की त्या थांबतात, त्यांचे काम चालकाच्या हातांवर येते, आणि हात ते उशिरा व जास्त करतात. सावकाश चालणारी गाडी नागमोडी जाते ती यामुळे.

कोनसेट सैल असला तर लक्षणे उलट होतात. ब्रेक लावताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि चाक उचलून शॉकअपचे खालचे टोक पुढे-मागे हलवले की खेळ बोटांना जाणवतो. त्यातही हॅण्डल नेमके मध्यावर अडकत असेल तर आवळून उपयोग नाही, कारण सरळ जाताना बसणाऱ्या धक्क्यांनी गोळ्यांनी वाट्यांत खळगे पाडलेले असतात. तेव्हा नाना पेठेतून नवा संच आणावा. टेपर रोलर मिळाले तर ते अधिक टिकतात, मात्र बसवल्यानंतर काही दिवसांनी ते थोडे बसतात, म्हणून पुन्हा तपासावे लागतात.

त्या गाडीतले दुसरे दुखणे पुढच्या एक्सलमध्ये होते. चाक बसवताना खालचा पिंच बोल्ट, म्हणजे एक्सलला पकडून ठेवणारा बोल्ट, आधीच आवळल्यामुळे शॉकअपचे दोन्ही पाय समांतर राहिले नव्हते, आणि नळ्या ऑइल सीलमध्ये एका बाजूने घासत होत्या. योग्य क्रम असा आहे की आधी एक्सल पूर्ण घट्ट करावा, मग गाडी जमिनीवर घेऊन पुढचा ब्रेक दाबून शॉकअप चांगले वरखाली करावे, म्हणजे पाय आपली जागा स्वतः शोधतात, आणि त्यानंतरच पिंच बोल्ट आवळावा. मी कोनसेट सैल केला, एक्सल नव्याने बसवला आणि कंपनीने सांगितलेले तेल सांगितलेल्या पातळीपर्यंत भरले. ताम्हिणीला जाऊन आल्यावर त्या तरुणाने किट घेण्याचा विचार सोडून दिला.

जाड तेलाविषयी माझा राग का आहे, तेही सांगतो. साध्या शॉकअपमध्ये तेल ठरलेल्या भोकांतून वाहते आणि त्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. होळीची पिचकारी हळू दाबली तर पाणी सहज जाते, झटक्याने दाबली तर ती हाताला अडते, तसेच हे आहे. ब्रेक लावल्यावर नाक खाली जाणे ही संथ हालचाल आहे, तर खड्ड्याचा दणका ही वेगवान. तेल जाड केले की नाक जरा कमी झुकते, पण खड्डा थेट मनगटात पोहोचतो. शिवाय परतीची हालचालही मंदावते. एकापाठोपाठ एक आलेल्या रंबलरच्या पट्ट्यांवर, आणि त्या दाखवायला पुणेकरांना कुठे लांब न्यावे लागत नाही, शॉकअप पुरते उघडण्याआधीच पुढचा धक्का येतो, नाक खाली खाली जात राहते, ट्रेल कमी होतो आणि हॅण्डल बिचकू लागते. तेलाच्या डब्यावरील ‘१० डब्ल्यू’ हा आकडाही निरनिराळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. सेंटिस्टोक्समधील चिकटपणा पाहावा.

ज्यांनी आपल्या गाडीचा सॅग मोजला आहे त्यांनी कृपया हात वर करावेत. चार-पाचच दिसतात, तर ज्यासाठी आपण जमलो ते आता घेऊ, कारण दहाच मिनिटे उरल्याची चिठ्ठी आयोजकांकडून आली आहे.

पुढचे चाक उचलून शॉकअपची पूर्ण उघडी लांबी मोजा. मग जॅकेट-बूट घालून, नेहमीच्या सामानासह गाडीवर बसा. मित्राला पुढची बाजू दाबून हळूच सोडायला सांगा आणि लांबी मोजा. मग उचलून हळूच सोडायला सांगा आणि पुन्हा मोजा. या दोहोंची सरासरी पूर्ण लांबीतून वजा केली की सॅग मिळतो. त्या दोन मापांतील फरक म्हणजे तुमच्या शॉकअपचे घर्षण. तो मोठा असेल तर बाकी काहीही करण्याआधी एक्सल, सील आणि नळ्यांचा वाक तपासा. २०० मिलिमीटर ट्रॅव्हलला ६० मिलिमीटरच्या आसपास सॅग चांगला.

प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी उंच होते. चालकासह सॅग योग्य येतो पण रिकामी गाडी मुळीच बसत नाही, अशी स्थिती असेल तर मऊ स्प्रिंग जास्त प्रीलोडने सावरलेली आहे, ती बदला. फक्त मोठ्या धक्क्याला शॉकअप तळाला लागत असेल तर तेलाची पातळी ५ ते १० मिलिमीटरने वाढवा. वरची हवा कमी झाल्याने शेवटचा टप्पा कडक होतो आणि सुरुवातीचा मऊपणा जवळपास तसाच राहतो.

मागच्या स्प्रिंगकडे मात्र अवश्य पाहा. हिमालयनच्या दोन चाकांतील अंतर १४६५ मिलिमीटर आहे. सामानामुळे मागची बाजू २५ मिलिमीटर अधिक बसली तर सबंध गाडी जवळजवळ १ अंशाने मागे झुकते, ट्रेल सुमारे ७ मिलिमीटरने वाढतो, पुढच्या चाकावरचा भार घटतो आणि वरंधा घाटात हॅण्डल मुके होते. अशा वेळी पुढे हात न लावता मागचा प्रीलोड वाढवावा. त्यानंतरही वळण जड वाटले तरच शॉकअपच्या नळ्या त्यांना धरणाऱ्या क्लॅम्पमधून ५ मिलिमीटर वर सरकवाव्यात, आणि शॉकअप पूर्ण दाबले गेल्यावर मडगार्ड खालच्या क्लॅम्पला लागत नाही ना, हे स्प्रिंगा काढून, हाताने दाबून पाहावे.