झाडाचा पंचनामा

श्रोतेहो, नमस्कार.

झाडांचे तपासणी अहवाल लिहायला मी शिकलो, ते आधी वाईट लिहून. माझ्या पहिल्या अहवालात एका गुलमोहराबद्दल एकच ओळ होती: 'झाड धोकादायक आहे.' ज्यांच्या हाताखाली शिकत होतो ते म्हणाले, "हा निकाल झाला. पंचनामा कुठाय?"

पुन्हा गेलो. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. तो १८८ सेंटीमीटर भरला. लाकडी हातोडीनं बुंधा ठोकत फिरलो, तर रस्त्याकडच्या बाजूला पोकळ आवाज. तिथंच मुळाशी आळंबी उगवलेली, आणि हातभर अंतरावर केबलचा चर खणून बुजवलेला. हे आधी लिहायचं, दिसलं तसं. 'आत कूज असावी' हे त्यानंतर, वेगळ्या परिच्छेदात. झाडाखाली रिक्षा स्टँड आहे की मोकळं मैदान, हेही नोंदवायचं, कारण फांदी पडेल का आणि कुणावर पडेल, हे दोन निराळे प्रश्न आहेत. पुष्कळदा फांद्यांचा भार कमी करून भागतं. कधी स्टँड हलवूनही भागेल, पण ते सुचवलं की लोक हसतात.

झाडाची किंमत ठरवायचं प्रकरण जास्त अवघड. एक रीत अशी: रोपवाटिकेत मिळणाऱ्या मोठ्यात मोठ्या झाडाचा खर्च काढायचा, तो त्याच्या बुंध्याच्या आडव्या छेदाच्या दर चौरस सेंटीमीटरला किती पडतो ते पाहायचं, आणि त्या दरानं आपल्या झाडाच्या बुंध्याचं क्षेत्रफळ गुणायचं. मग प्रकृती, जात, जागा यांप्रमाणे आकडा खाली आणायचा. घेर दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणून टेप ढिली धरलेली चालत नाही.

दुसरी रीत वयाची. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी झाडं तोडायची होती, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं झाडाच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये धरायला सुचवलं. म्हणजे चाळीस वर्षांचं झाड २९ लाख ८० हजारांचं. लढायला छान आकडा, पण पोखरलेलं झाड आणि निरोगी झाड त्यात एकाच भावानं जातं. शिवाय वय सांगायचं कसं? आपल्याकडे सागासारख्या काही झाडांत वर्षवलयं स्पष्ट दिसतात, पुष्कळांत दिसत नाहीत. आणि महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची असतात. त्यामुळे वयाच्या रकान्यावरून भांडणं होतात. मी तिथं वय कशावरून धरलं तेही लिहितो: जुना फोटो, सोसायटीचं दप्तर, शेजारच्या आजींची आठवण.

वडाला तर घेरही सरळ मिळत नाही. पारंब्या बुंध्याला चिकटून एकजीव झालेल्या असतात. गेल्या महिन्यातल्या वडाचे मी दोन घेर लिहिले, पारंब्यांसकट आणि पारंब्या सोडून, आणि टेप कुठून फिरवली त्याचं चित्र काढून जोडलं.