परतीचा रस्ता धरून परवडणारी गाडी

(दृश्य : पहाटेचा महामार्ग. पांढरी स्विफ्ट, मागच्या सीटवर चार जादा टायर, एक हेल्मेट आणि अवजारांची पेटी.)

पुण्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 48 सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, कृष्णगिरी आणि वेल्लोर मागे टाकून चेन्नईच्या वेशीजवळ पोहोचतो, तेव्हा श्रीपेरुंबुदूरच्या पुढे इरुंगाट्टुकोट्टई हे गाव लागते. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे 3.7 किलोमीटर लांबीचा रेस ट्रॅक 1990 पासून इथे आहे. हौशी चालकाला पैसे भरून आपली गाडी मनासारखी पळवता येईल अशा जागा आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. इरुंगाट्टुकोट्टई ही त्यांतली एक, कोइमतूरजवळचा 2.1 किलोमीटरचा करी मोटर स्पीडवे ही दुसरी आणि ग्रेटर नोएडाचा 5.125 किलोमीटरचा बुद्ध इंटरनॅशनल सर्किट ही तिसरी. पुण्याजवळ मावळात नाणोली येथेही आता ट्रॅक झाला आहे, ही महाराष्ट्रातल्या हौशी मंडळींच्या दृष्टीने मोठीच सोय म्हणायची. तरीही ज्याला लांब सरळ पट्टे आणि वेगाची वळणे अनुभवायची आहेत, त्याला आजही दक्षिणेची वाट धरावी लागते.

ही वाट एका बाजूने साडेअकराशे ते बाराशे किलोमीटरची आहे. ट्रेलर आणि तो ओढणारी दुसरी गाडी बाळगणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे असल्यामुळे, जी गाडी ट्रॅकवर पळवायची तीच चालवत न्यायची आणि तीच चालवत घरी आणायची, असा आपल्याकडचा व्यवहार आहे. म्हणून स्वस्त ट्रॅक-गाडीची निवड करताना पहिला प्रश्न ती किती पळते हा नसून, दिवसभर पळाल्यावर ती परत येते का, हा आहे.

(दृश्य : करी मोटर स्पीडवेचे प्रवेशद्वार, त्यानंतर ट्रॅकवर धावणाऱ्या छोट्या एकआसनी गाड्या.)

परवडणाऱ्या वेगाचा विचार आपल्याकडे नवा नाही. चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत असत त्या काळात कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चे इंजिन बसवून एकआसनी रेस गाडी तयार केली आणि फॉर्म्युला मारुती हा वर्ग उभा राहिला. परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्यांच्या मागे न लागता, ज्या इंजिनाचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात ते इंजिन घ्यायचे, हा त्यांचा हिशेब होता. 1995 मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले आणि 2003 मध्ये सुरू झालेल्या कोइमतूरच्या ट्रॅकला त्यांचे नाव देण्यात आले. जुनी गाडी शोधत फिरणाऱ्या आजच्या हौशी चालकाने हा हिशेब तसाच उचलावा, इतका तो पक्का आहे.

मारुती एस्टीमचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. तिचे उत्पादन 2007 मध्ये थांबले, पण देशातल्या टूरिंग कार (रस्त्यावरच्या गाड्यांपासून बनवलेल्या रेस गाड्या) गटांमध्ये ती त्यानंतरही कितीतरी वर्षे धावत राहिली. तिचे 1298 सीसीचे इंजिन जिप्सीच्या आणि 2005 मध्ये आलेल्या पहिल्या स्विफ्टच्या इंजिनाच्या कुळातले असल्यामुळे सुटे भाग मिळत राहिले, मेकॅनिकांचा हात बसलेला राहिला आणि नऊशे किलोंच्या आतले वजन तर मुळातच होते.

(दृश्य : ट्रॅकचा लांब सरळ पट्टा, त्याच्या टोकाला एकापाठोपाठ लागणारे लाल ब्रेकदिवे.)

वजनाचा मुद्दा बाजूला सारून पुढे जाता येत नाही, कारण ट्रॅकवरचा बहुतेक खर्च वजनातूनच निघतो. चालकासह एक हजार किलो वजनाची गाडी ताशी 130 किलोमीटरवरून 60 वर आणली, तर सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा काही सेकंदांत उष्णता होऊन ब्रेकमध्ये उतरते. माठातले दीड लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे. गाडी दीड टनाची असेल तर पाणी सव्वादोन लिटर धरावे. एका फेरीत असे तीन-चार प्रसंग येतात, एका सत्रात सात-आठ फेऱ्या होतात आणि रस्त्यावर पुढच्या सिग्नलपर्यंत मिळते तशी उसंत मध्ये कुठेच मिळत नाही.

या उष्णतेने आधी पॅड थकतात. पायाखाली ब्रेक घट्ट लागतो, पण गाडी थांबत नाही. त्याच्या पुढची अवस्था अधिक वाईट असते. ब्रेक ऑईल हवेतली आर्द्रता शोषते आणि जसजसे पाणी मुरते तसतसा त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट 3 दर्जाचे ताजे तेल किमान 205 अंश सेल्सियसपर्यंत टिकावे लागते, पण पाणी मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा 140 अंश आहे. डॉट 4 साठी हे आकडे 230 आणि 155 आहेत. तेल उकळले की नळ्यांमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात आणि पेडल फळीपर्यंत खाली जाते. या निवेदनाच्या लेखकाने ते पेडल असे खाली गेलेले स्वतः अनुभवले आहे. दोष ट्रॅकचा नव्हता आणि गाडीचाही नव्हता, तीन पावसाळे न बदललेल्या तेलाचा होता. त्या दिवशी वळणाबाहेर मोकळी माती होती, म्हणून पुढची सर्व कामे करता आली.

सांगायचे इतकेच की, हजार-दीड हजार रुपयांचे तेल आणि बऱ्या प्रतीचे पॅड यांनी जे साधते ते पन्नास हजारांच्या सायलेन्सरने आणि इंजिनाच्या रिमॅपने, म्हणजे त्याच्या संगणकातल्या सूचना बदलून ताकद वाढवण्याने, साधत नाही. पहिल्या वर्षी इंजिनाला हात लावू नये. बाजारात मात्र विक्री आवाजाचीच होते.

(दृश्य : गॅरेज. जॅकवर चढवलेली गाडी, काढलेले चाक, पुढच्या टायरची झिजलेली बाहेरची कड.)

टायरचा हिशेब त्याहून सोपा आहे आणि तो गाडी घेण्याआधीच करावा. चौदा किंवा पंधरा इंची चाकांचे टायर कोणत्याही दुकानात मिळतात. सतरा इंचांवर गेलात की तोच खर्च जवळजवळ दुप्पट होतो. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या आपल्या हॅचबॅक गाड्यांत ओढणे, वळणे आणि ब्रेकचा मोठा वाटा, ही तिन्ही कामे पुढच्या दोन टायरांवर पडतात. त्यातही ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असेल, तर उजव्या वळणांची संख्या जास्त असल्याने डावीकडच्या पुढच्या टायरची बाहेरची कड सर्वांत आधी जाते. म्हणून टायरांची अदलाबदल करता येईल अशी, चारही चाके एकाच मापाची असलेली गाडी घ्यावी आणि स्टेपनीही त्याच मापाची असेल तर उत्तम.

आता प्रत्यक्ष गाड्यांकडे वळू. 2018 मध्ये आलेल्या स्विफ्टचे पेट्रोल रूप 855 ते 880 किलो वजनाचे आणि 83 पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ताकदीचे होते, तर चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयचे वजन सुमारे 1,100 किलो आणि ताकद 105 पीएस होती. भागाकार केला तर दोन्हींच्या वाट्याला टनामागे सुमारे 95 पीएस येतात. टर्बोमुळे पोलोचा जोर इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांपासून (कमी आरपीएमपासून) मिळतो आणि वळणातून बाहेर पडताना ती पुढे निघते, हे मान्य केले पाहिजे. तिचा दरवाजा लावल्याचा आवाजदेखील स्विफ्टच्या मालकाला थोडा खिन्न करणारा आहे. परंतु तिच्या टर्बोला थंड राखणे, तिच्या कोरड्या दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सला दिवसभर तापू न देणे आणि 2022 मध्ये तिची इथली विक्री थांबल्यानंतर तिचे सुटे भाग शोधणे, हे सारे तिच्या किमतीत धरावे लागते. पोलोच घ्यायची असेल, तर 2020 नंतरची एक लिटर टर्बो इंजिनाची, सहा गिअरची मॅन्युअल गाडी पाहावी. स्वस्त या शब्दाची मर्यादा मात्र तिथे ताणली जाते.

2011 ते 2018 या काळातली स्विफ्ट सुमारे 960 किलोंची, म्हणजे नंतरच्या पिढीपेक्षा जड आहे. तरी तिचे स्टीअरिंग अधिक बोलके असल्याचे अनेक जण सांगतात आणि आमचाही कल त्याच बाजूला आहे. होंडा सिटीची 2000 ते 2003 मधली दीड लिटर व्हीटेक गाडी ही जुन्या जाणत्यांची लाडकी. 106 पीएस, हलके अंग आणि वरच्या फेऱ्यांवर खुलणारे इंजिन हे तिचे वैभव खरे, परंतु आता मिळणारी प्रत्येक गाडी वीस वर्षे उलटून गेलेली आहे. शिवाय ज्या चांगल्या राहिल्या आहेत त्यांचे मालक त्या विकत नाहीत. फोर्ड फिगोचे दीड लिटरचे 123 पीएस इंजिन मोहात पाडते आणि 2021 मध्ये कंपनीने इथले उत्पादन थांबवल्यामुळे किंमतही खाली आली आहे. मोहाला बळी पडायचेच असेल, तर आधी नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या बाजारात तिच्या पुढच्या चाकाचा हब आणि खालचा आर्म मिळतो का, हे विचारून यावे.

परदेशात हाच प्रश्न विचारला तर उत्तर बहुधा एका शब्दात येते, माझदा मियाटा. 1989 मध्ये आलेली ही दोनआसनी, हजार किलोंच्या आतली, मागच्या चाकांनी ढकलली जाणारी गाडी दहा लाखांहून अधिक संख्येने तयार झाली, म्हणून अमेरिकेत नि इंग्लंडमध्ये ती हौशी चालकाच्या आवाक्यात आली. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी ती जरूर पाहावी. भारतात ती अधिकृतपणे विकली गेलेली नाही आणि आयात शुल्क भरून आणलेली मियाटा ही स्वस्त गाडी उरत नाही. तेव्हा इथल्या चर्चेत तिचे नाव काढून उसासा टाकण्यापलीकडे काही करता येत नाही.

(दृश्य : जुन्या गाड्यांचे आवार. बोनेट उघडून पाहणारा मेकॅनिक, पूर्ण बाहेर ओढलेला सीटबेल्ट.)

जुनी गाडी पाहायला जाताना रंग आणि सीटकव्हर यांकडे डोळेझाक करावी. बोनेट उघडल्यावर शॉकअब्सॉर्बर ज्या पत्र्यात बसतो तिथे दोन्ही बाजूंचे वेल्डिंगचे ठिपके सारखे आहेत का, हे पाहावे. एका बाजूला लांबी (पुट्टी) भरलेली असेल, तर ती गाडी कधीतरी समोरून धडकली आहे आणि तिचे अलाइनमेंट कितीही वेळा केले तरी ती एका बाजूला ओढत राहील. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. 2019 च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडे ज्या गाड्या बुडाल्या, त्यांतल्या काही धुऊन-पुसून बाजारात परतल्या असतील, आणि गाळाची रेघ बेल्टच्या आतल्या भागावर किंवा सीटखालच्या पट्ट्यांवर राहून जाते. सीएनजीवर फिरलेली गाडी शक्यतो टाळावी, कारण कोरड्या इंधनाने झडपांच्या बैठका अधिक झिजतात. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे का, हे विचारावे. नव्या गाड्यांना ते एप्रिल 2019 पासून सक्तीचे झाले, त्याआधीच्या अनेक स्वस्त रूपांत ते नव्हते आणि नवशिक्याच्या हातून चाके जाम होऊन टायर एका जागी घासला जाण्याचे प्रमाण त्यामुळेच वाढते.

कागदपत्रांची बाजू थोडक्यात सांगता येईल, पण वगळता येणार नाही. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात आणि त्यांत संघटित शर्यती, वेगाची चाचणी व विश्वासार्हतेच्या चाचण्या स्पष्टपणे वगळलेल्या असतात. ट्रॅकवर भिंतीला घासलेल्या गाडीचा दावा मंजूर होईल, या आशेवर राहू नये. म्हणून कर्जाचे हप्ते चालू असलेली, घरातल्यांना रोज लागणारी गाडी तिथे नेणे हा धोका वेगळाच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलांपासून दूर जाणारे बदल रोखते. सीट काढून लोखंडी पिंजरा बसवलेली गाडी महामार्गावरून नेता येईल, असे गृहीत धरू नये. आणि पंधरा वर्षे पूर्ण झालेल्या गाडीचे पासिंग शुल्क भरून पुन्हा करून घ्यावे लागते (2022 मध्ये हे शुल्क पाच हजार रुपये झाले होते), हेही जुन्या एस्टीमच्या किंवा सिटीच्या प्रेमात पडताना लक्षात असावे.

समजा, हाती साडेतीन लाख रुपये आहेत. ते सगळे गाडीवर घालणारा मनुष्य पहिल्या ट्रॅक-दिवसानंतर पुन्हा दिसत नाही. अडीच लाखांची साधी, निरोगी, मॅन्युअल गिअरची पेट्रोल हॅचबॅक घ्यावी, तीस-चाळीस हजार तिच्या देखभालीवर लावावेत, म्हणजे सर्व तेले, कूलंट, रेडिएटरचे नळ, पॅड, पुढचे बुश आणि इंजिनाचे माऊंट बदलून घ्यावेत, चांगले हेल्मेट घ्यावे आणि उरलेले पैसे टायर, पेट्रोल आणि प्रवेशशुल्क यांसाठी राखून ठेवावेत. त्या पैशांत होणाऱ्या फेऱ्याच पुढे हात बसवतात. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात आपण वेगवान आहोत, अशी ज्याची समजूत असते, त्याची ती समजूत पहिल्याच सत्रात साध्या स्विफ्टमधला एखादा अनुभवी गृहस्थ शांतपणे उतरवतो.

(दृश्य : संध्याकाळ, इरुंगाट्टुकोट्टईचा पिट. शेवटच्या सत्रातून परतणारी पांढरी स्विफ्ट.)

शेवटची फेरी ब्रेकला फारसा पाय न लावता, वरच्या गिअरमध्ये, सावकाश घ्यायची असते, म्हणजे वाऱ्याने डिस्क निवतात. गाडी उभी केल्यावर हॅण्डब्रेक ओढायचा नाही. गिअरमध्ये टाकून चाकाखाली दगड लावायचा. तासाभराने ऑईलची पट्टी काढून पातळी पाहायची, चाकांचे नट पान्याने पुन्हा आवळायचे, पॅडची जाडी चाकाच्या फटीतून बॅटरीच्या उजेडात बघायची आणि ट्रॅकसाठी कमी केलेली टायरातली हवा, टायर निवल्यावर, दारावरच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यापर्यंत भरून घ्यायची. हे सारे आटोपून पांढरी स्विफ्ट फाटकाबाहेर पडते आणि वेल्लोरच्या दिशेने महामार्गाला लागते. उद्या संध्याकाळी ती कात्रजचा बोगदा ओलांडेल, आणि सोमवारी सकाळी तिला कामावर जायचे आहे.