पावणेतीन वाट्या, सहा वेळा

चार माणसांच्या पातोडीला, म्हणजे बेसन शिजवून थापलेल्या वड्यांना, दीड वाटी बेसन आणि पावणेतीन वाट्या पाणी, हे घरचं माप धरू. पंगत चोवीस जणांची आहे. चोवीसला चारने भागलं की सहा, म्हणजे सगळं सहापट. इथवर कोणी चुकत नाही.

बेसन सोपं आहे. सहा एके सहा, सहा अर्धे तीन, नऊ वाट्या. घोटाळा पाण्यात होतो. सहा दुणे बारा म्हणून झालं की पाऊण तसाच मागे चिकटवतात आणि पावणेतेरा वाट्या ओततात. पण ताई, पाऊणही सहा वेळा घ्यायचा आहे ना! पाऊण म्हणजे तीन पाव. सहा त्रिक अठरा पाव, चार पावांची वाटी, झाल्या साडेचार. बारा नि साडेचार, साडेसोळा वाट्या.

ताळा करायचा तर पावणेतीनऐवजी पुरे तीन धरा. सहा त्रिक अठरा. दर वेळी पाव जास्त धरला, म्हणजे सहा पाव, दीड वाटी. अठरातून दीड गेली, साडेसोळाच. मला तोंडी हिशेबाला हीच रीत जास्त भरवशाची वाटते.

पावणेतेरा वाट्यांत नऊ वाट्या बेसन पडलं तर पावणेचार वाट्या पाणी कमी. गोळा सराट्याला (उलथन्याला) जड जातो, आत कोरडं पीठ राहतं, ताटात थापलेली पातोडी कापताना तडकते आणि रश्श्यात सुटते. उलट पाणी बरोबर आणि बेसनाचा अर्धा तसाच चिकटवून साडेसहाच घेतलं, तर थापलेलं बसतच नाही, पिठलं वाढावं लागतं.

शाळेच्या पोषण आहारात हेच ग्रॅममध्ये येतं. सहावी ते आठवीच्या मुलामागे तेल साडेसात ग्रॅम. मुलं 46 असतील तर साती 322, वर 46 चे अर्धे 23, एकूण 345 ग्रॅम. मोबाइलवर करायचं तर 7.5 दाबा. सव्वा म्हणजे 1.25, पाऊण 0.75. वजनकाट्यावर सव्वा किलो 1.250 दिसतं, 1.025 दिसलं तर किलोवर फक्त 25 ग्रॅम आहे.

तीस माणसं आली तर साडेसातपट होतं. कशाला डोकं शिणवता, आठपट करा. उरलेल्या वड्या सकाळी तव्यावर परतता येतात.

मिठाचं मात्र जपून. सव्वा चमचा सहापट केला की साडेसात चमचे, हिशेब बरोबर. पण चमचा जरा शिगोशीग भरला तर ती चूकही सहापट होते. आधी साडेपाच चमचे टाका, बेसन सोडण्याआधी गंजातलं (पातेल्यातलं) उकळतं पाणी चाखा, मग वाढवा. पाण्यातलीही दीड वाटी बाजूला काढून ठेवा, कारण मोठ्या गंजात पाण्याच्या मानाने वाफ कमी जाते. लागलं तर ते उकळतंच घाला. गार ओतलं की गाठी धरतात.