मित्रांचा वेळ हेच भांडवल

चित्रपट-शिक्षणसंस्थेने आपल्याला कॅमेरा आणि दिवे दिले होते, हे बाहेर पडताच आठवते. पण तिने सगळ्यांना एकच तारीखही दिली होती, हे फार उशिरा ध्यानात येते. अमुक दिवशी फिल्म जमा करायची, या एका सक्तीमुळे छायालेखक, ध्वनिमुद्रक, संकलक आणि दिग्दर्शक एका जागी येत असत. ती सक्ती संपते, प्रत्येक जण पोटापाण्याच्या कामाला लागतो, आणि मित्रांनी मिळून करायच्या वेबसिरीजला पैशांआधी वेळ कमी पडू लागतो. आम्हा पाच जणांना हे अर्धे चित्रीकरण झाल्यावर कळले.

हिशेब साधा आहे. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे साधारण १ मिनिट धरतात. ८ मिनिटांचे ६ भाग करायचे तर ४८ पाने झाली, आणि लहान चमूला दिवसाला ४-५ पानांपेक्षा अधिक काम नीट करता येत नाही, असा माझा अनुभव आहे. म्हणजे चित्रीकरणाचे १० ते १२ दिवस लागतात. नोकऱ्या सांभाळून आठवड्याला एकच दिवस मिळत असेल, तर तेच काम जवळजवळ तीन महिने चालते. तेवढ्यात नटाचे केस वाढतात, खिडकीतून येणाऱ्या उन्हाची दिशा बदलते, मागितलेली जागा परत द्यावी लागते. आम्ही भागांच्या क्रमाने चित्रीकरण करत गेलो आणि चौथ्या भागाच्या वेळी आमच्या मुख्य नटाला दुसरीकडे काम मिळाले. दोष त्याचा नव्हता. एका जागेवरचे सगळ्या भागांतले प्रसंग आम्ही सलग उरकायला हवे होते.

म्हणूनच मी आग्रहाने सांगतो, की कोण किती दिवस मोकळा आहे हे आधी लिहून काढावे आणि मगच कथेला हात घालावा. याने कल्पनाशक्ती आखडते असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. अमेरिकन अभिनेत्री-लेखिका फेलिशिया डे यांची ‘द गिल्ड’ ही २००७ साली सुरू झालेली वेबसिरीज पाहा. तिची पात्रे ऑनलाइन खेळ खेळणारी, त्यामुळे बरेचसे प्रसंग ज्याच्या त्याच्या खोलीत, संगणकासमोर घडतात आणि सगळे नट एकाच दिवशी जमण्याची गरज उरत नाही. २०१२ साली इंटरनेटवर आलेल्या ‘हाय मेंटेनन्स’मध्ये एकच पात्र भागांना जोडत जाते आणि बाकीची माणसे बहुतेक वेळा दर भागाला नवी असतात. अशा रचनेत एखादा मित्र गळाला तरी मालिका थांबत नाही.

आवाजाची हयगयही शेवटी वेळच खाते. थोडे अंधारलेले दृश्य प्रेक्षक चालवून घेतो, न ऐकू आलेला संवाद मात्र तो सोडून देतो. आणि तो संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करायचा म्हणजे पांगलेल्या नटांना पुन्हा गोळा करणे आले. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभे करून निदान अर्धा मिनिट तिथली शांतता मुद्रित करून घ्यावी. संकलनात तुकडे जोडताना मधल्या फटी भरायला ती लागते, तेव्हा तिचे मोल कळते.

लेखी कराराचा विषय मित्रांमध्ये काढणे अवघड वाटते, हे मी जाणतो. तरीही मालकी कोणाची, पैसे आलेच तर वाटणी कशी, कोणी मध्येच सोडले तर काय, आणि अंतिम संकलनावर शेवटचा शब्द कोणाचा, एवढे चित्रीकरणापूर्वी कागदावर यावे. संगीताबाबतही सावध असावे: गाण्याची रचना आणि तिचे ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे असतात.

सर्वांत एकाकी काम संकलकाचे. बाकीचे मोकळे होतात तेव्हा त्याचे काम खऱ्या अर्थाने सुरू होते, आणि ४८ मिनिटांसाठी त्याच्यापुढे कित्येक तासांचे चित्रण पडलेले असते. आमच्या संकलकाने महिनाभर एकट्याने रात्री जागून काढल्या; त्यानंतर आम्ही पाळी लावली. रोज एकाने त्याच्याजवळ बसायचे, टेकच्या, म्हणजे एकाच दृश्याच्या प्रत्येक चित्रीकरणाच्या, नोंदी करायच्या, दृश्याशी आवाज जुळवून द्यायचा. सहाव्या भागाचे कच्चे संकलन हाती येईपर्यंत पहिला भाग प्रसिद्ध करायचा नाही, हेही तेव्हाच ठरले. कारण एकदा पहिला भाग लोकांनी पाहिला, की पुढच्या भागांच्या तारखांचा सगळा भार त्या एकट्यावर पडला असता.