सुटकेच्या रात्रीचं जेवण

(उपवासकाळातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, येशूच्या बलिदानाबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तेव्हा ते दुःख किती होतं, हे मी आज पुन्हा सांगणार नाही. मला वेगळाच प्रश्न पडतो. स्वतःची आठवण ठेवली जावी म्हणून येशूनं रात्र कोणती निवडली?

ज्यू लोकांकडे पापाच्या क्षमेसाठी एक खास दिवस होता. प्रायश्चित्ताचा दिवस, बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायातला. दोन बकरे, उपवास, सगळं गंभीर. मरणाचा अर्थ फक्त पापक्षमेपुरता सांगायचा असता, तर त्या दिवसाचा आधार घेणं सोयीचं होतं. पण येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला तो वल्हांडणाच्या सणात. वल्हांडण म्हणजे इजिप्तमध्ये गुलाम असलेल्या इस्राएली लोकांनी मालकाचा देश सोडला त्या रात्रीची आठवण. ही सुटकेची गोष्ट सांगणाऱ्या निर्गम या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात ते जेवण कसं जेवायचं तेही सांगितलंय. कंबर कसलेली, पायात जोडे, हातात काठी, आणि भराभर खायचं. भाकर बेखमीर, कारण पीठ फुगेपर्यंत थांबायला वेळ कुठे होता! सोबत कडू भाजी. आणि मुलं विचारतील, हे सगळं कशासाठी, तेव्हा त्यांना गोष्ट सांगायची. त्या सणात भाकर हातात घेऊन येशू म्हणतो, ‘माझ्या स्मरणार्थ हे करा.’

म्हणजे बलिदानाची आठवण सुटकेच्या गोष्टीत गुंफलेली आहे. ती त्यातून उपसून काढली की काय होतं, याचा एक छापील पुरावाच आहे. 1807 साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीज बेटांवरच्या आफ्रिकी गुलामांसाठी. निवडक बायबल! जुन्या करारातला सुमारे 90 टक्के मजकूर गाळलेला, नव्यातला जवळजवळ निम्मा. योसेफ विकला गेला, मुकाट राबला आणि वर चढला, ती गोष्ट ठेवली. इस्राएलींचा पुढारी मोशे इजिप्तच्या राजापुढे, फारोपुढे उभा राहतो आणि लोक इजिप्त सोडतात, ती गेली. ‘दासांनो, आपल्या धन्यांच्या आज्ञा पाळा’ हे राहिलं. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्रही नाही, हे गलतीकरांच्या पत्रातलं वाक्य गेलं. आणि येशूचं मरण? ते ठेवलं. नीट लक्षात घ्या. क्रूसाची त्या मळेवाल्यांना भीती वाटत नव्हती. भीती निर्गमची होती.

आता समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाला. ॲब्सलम जोन्स नावाचा माणूस, जन्म 1746, डेलावेअरमधला, जन्मानं गुलाम. दिवसभर मालकाच्या दुकानात काम आणि उरलेल्या वेळात स्वतःसाठी मेहनत करून त्यानं पैसा जमवला. पण आधी सोडवलं बायकोला. कारण कायद्यानं मूल आईच्या मागं जायचं. आई गुलाम तर मूल गुलाम. म्हणून आधी तिची सुटका. स्वतः हा गृहस्थ 1784 पर्यंत गुलामच राहिला. पुढे एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे अँग्लिकन परंपरेतल्या अमेरिकी चर्चमध्ये, धर्मगुरू झालेला तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. बलिदानावरचे जाडजूड ग्रंथ मी वाचलेत, पण हा हिशोब मला त्यांच्यापेक्षा जास्त समजतो.

1 जानेवारी 1808 ला अमेरिकेत बाहेरून गुलाम आणण्यावर बंदी लागू झाली. त्या दिवशी जोन्सनं आपल्या चर्चमध्ये प्रवचन दिलं. वचन कोणतं घेतलं असेल? निर्गम, तिसरा अध्याय : माझ्या लोकांची विपत्ती मी पाहिली आहे, त्यांचा आक्रोश ऐकला आहे, त्यांना सोडवायला मी उतरलो आहे. लंडनच्या त्या बायबलातून काढलेलीच गोष्ट! हा दिवस दरवर्षी पाळा, म्हणजे आपल्या लोकांचे हाल आणि सुटका मुलांपर्यंत पोचेल, असंही त्यानं सांगितलं. गुलामगिरी तेव्हा संपली नव्हती बरं का. फक्त आयात थांबली होती. अर्धवट विजयाचेही आभार मानायचे असतात, हे त्याला कळत होतं.

अमेरिकेच्या दक्षिणेत मात्र 1 जानेवारी हा धसक्याचा दिवस होता. वर्षाचे करार त्या दिवशी व्हायचे, गुलाम भाड्यानं दिले जायचे, विकले जायचे, घरं फुटायची. म्हणून 31 डिसेंबर 1862 ची रात्र मोठी. दुसऱ्या दिवशी लिंकनची मुक्तीची घोषणा अमलात येणार होती आणि लोक चर्चमध्ये जमून जागत होते. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून ती जागरणाची उपासना आजही होते.

याचा आपल्याशीही धागा आहे. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखवलेल्या स्वार्थत्यागाबद्दल. फुले ख्रिस्ती नव्हते, पण पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले होते. अर्पणपत्रिकेत गौरव आहे तो मदतीला धावलेल्यांचा. जोन्ससारख्यांनी स्वतः मोजलेली किंमत पाहायला आपल्याला आणखी मागं जावं लागतं.

आता येणाऱ्या पवित्र गुरुवारकडे, म्हणजे येशूच्या त्या शेवटच्या जेवणाची आठवण करण्याच्या दिवसाकडे वळतो. संध्याकाळच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलातलं पहिलं वाचन निर्गम बाराचंच असतं. उत्तम. दुसरं वाचन प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातलं, पण ते तेविसाव्या ओवीपासून सुरू होतं : प्रभूनं भाकर घेतली वगैरे. त्याच्या आधीच्या ओव्यांत पौल करिंथच्या मंडळीला झापतोय. तुमच्यात एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन झिंगतो, म्हणून हे प्रभुभोजन नव्हेच, असं तो तोंडावर सांगतो. ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, असंही म्हणतो. आपल्या वाचनात ते येत नाही. कुणी मुद्दाम लपवलंय असं मी म्हणत नाही, वाचनं छोटी ठेवावी लागतात. पण त्या संध्याकाळी मिस्साला निघण्याआधी घरात कुणीतरी तो अध्याय सतराव्या ओवीपासून मोठ्यानं वाचावा, एवढीच माझी विनंती आहे.